‘फुकट विजे’ला पारितोषिक नको: कोकणातील विज्ञान प्रदर्शनांच्या परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
तालुका व जिल्हा विज्ञान प्रदर्शनांचे परीक्षक, आयोजक आणि शालेय साहित्य खरेदी समित्या,
रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग

विषय: इयत्ता सहावी ते आठवी गटातील चुंबकत्व व ऊर्जेच्या प्रतिकृतींचे परीक्षण आणि त्यासाठी लागणारे साहित्य

स.न.वि.वि.

भातकापणी आटोपून दिवाळीची सुट्टी संपली की प्रदर्शनांचा हंगाम लागतो. चुंबकाच्या टेबलावर एक प्रतिकृती हमखास असते. लाकडी फळीवर पंखा, पात्यांना चिकटवलेली चुंबके, शेजारी हातात धरलेले एक मोठे चुंबक, पुढे पेटलेला एलईडी आणि वर रंगीत कागदाची अक्षरे: ‘इंधनाविना वीज’. मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून ती केलेली असते. ती चालत नाही. चालताना दिसत असेल तर आत सेल आहे. त्यात मुलाचा दोष थोडा आणि मोठ्यांचा जास्त, कारण अशा प्रतिकृतीला क्रमांक मिळाल्याचे त्याने आदल्या वर्षी पाहिलेले असते.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की या गटातले गुण मोजमापाला द्या. मुलाने काय मोजले, कशाने मोजले आणि आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला असेल तर उरलेली ऊर्जा गेली कुठे, हे विचारा. रंगकाम, थर्माकोल आणि पाठ केलेले भाषण याला शेवटचे चार गुण पुरेत.

‘दहा मिनिटे चालवून दाखव’ ही कसोटी पुष्कळ परीक्षक लावतात. ती पुरत नाही. २०३२ क्रमांकाच्या बटन सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास भरलेले असतात. लाल एलईडी ५ मिलिअँपिअरवर चांगला दिसतो, म्हणजे तो सेल त्याला तीस-चाळीस तास सहज पेटवत ठेवेल. फिरते चाक दहा मिनिटे टिकत नाही, पण थोडा वेळ तेही फसवते. एक किलो वजनाची, २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर तिच्यात जेमतेम १० ज्यूल ऊर्जा असते, आणि ती हाताने फिरवून दिलेली असते. ०.०४ वॅट घेणारा एलईडी एवढ्यावर, काहीही वाया न जाता, चार मिनिटे पेटेल. म्हणून किती वेळ चालले हे न पाहता प्रतिकृती उचला, उलटी करा, फळीखालचा पुठ्ठा काढायला सांगा. मात्र हे मुलाला बाजूला घेऊन. पालकांच्या घोळक्यात सातवीच्या मुलीची झडती घेऊन विज्ञान शिकवता येत नाही.

त्याहून चांगला उपाय म्हणजे प्रत्येक केंद्रावर जुन्या प्रिंटरमधली एक स्टेपर मोटार (टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटार) ठेवावी. भंगारातल्या प्रिंटरमध्ये अशा एक-दोन तरी निघतात. तिला चार वायरी असतील तर आत दोन वेगळी वेटोळी आहेत. मल्टिमीटर ओहमवर लावून ज्या दोन वायरींत थोडेसे, म्हणजे काही ओहमपासून काही दहा ओहमपर्यंत, वाचन येते ती एक जोडी. पाच-सहा वायरींची मोटारही चालते, फक्त मधली सामाईक वायर ओळखून सोडून द्यावी. जोडीला लाल एलईडी जोडून दांडा चिमटीत धरून झटक्याने फिरवला की तो लुकलुकतो. दुसरा एलईडी उलट्या दिशेने समांतर जोडला तर दोघे आळीपाळीने पेटतात, आणि प्रत्यावर्ती धारा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता एलईडी काढा. दांडा मोकळाच फिरवून बघायला सांगा. आतल्या चुंबकांमुळे थोडी खडखड लागेल, ती लक्षात ठेवायची. मग त्याच जोडीच्या दोन वायरी एकमेकींना टेकवून पुन्हा फिरवायला सांगा. दांडा एकदम जड होतो, बोटांना स्पष्ट कळते. वेटोळ्यातून धारा वाहू लागली की तिचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते फिरण्याला विरोध करते. हाच लेंझचा नियम. ‘फुकट वीज’ का नाही याचे उत्तर त्या जड दांड्यात आहे: वीज घ्याल तितके बोटांना जास्त ढकलावे लागते. हे एलईडी जोडून दाखवायला जाऊ नका. एलईडी इतकी थोडी धारा घेतो की फरक हाताला जाणवत नाही, आणि मग मुले म्हणतात, ‘बघा, काही फरक नाही.’

व्हिडिओतली दुसरी आवडती करामत म्हणजे मोटारीने जनित्र फिरवायचे आणि त्या जनित्राच्या विजेवर पुन्हा तीच मोटार चालवायची. ही कल्पना घेऊन येणाऱ्या मुलाला हाकलू नका, मोजायला लावा. खेळण्यातल्या ३ व्होल्टच्या दोन सारख्या मोटारी एका फळीवर समोरासमोर बसवा. दांडे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या १०-१५ मिलिमीटर तुकड्याने जोडा. दोन्ही दांड्यांच्या टोकांत २-३ मिलिमीटर फट हवी, नाहीतर ती एकमेकांवर घासतात. दांडे एका रेषेत नसतील तर फळी थरथरते आणि ऊर्जा तिथेच जाते. ज्या मोटारीचा दांडा खाली आहे तिच्याखाली पोस्टकार्डाचे तुकडे सारून उंची जुळवावी. पहिल्या मोटारीला दोन मोठे टॉर्चचे सेल, दुसरीला १० ओहमचा रोध.

मग मोजायचे. समजा पहिल्या मोटारीवर चालू असताना २.६ व्होल्ट आहेत आणि ती ०.५ अँपिअर घेते, तर शक्ती १.३ वॅट. रोधावर १.२ व्होल्ट आले, तर व्होल्टचा वर्ग भागिले दहा, म्हणजे ०.१४४ वॅट. दिल्यातले अकरा टक्के परत आले. आकडे मोटारीगणिक बदलतील, पण या स्वस्त मोटारींच्या जोडीतून चौथाई परत मिळाली तरी नशीब. उरलेली ऊर्जा ब्रशांच्या घासण्यात, वेटोळ्यांच्या तापण्यात, दांड्याच्या घर्षणात आणि आवाजात गेली. मोटारीला हात लावला तर त्यातली काही सापडतेच. जिने हे मांडले आणि ‘म्हणून हे यंत्र स्वतःवर चालू शकत नाही’ असे लिहिले, तिला पहिला क्रमांक द्यावा.

यात दोन चुका नेहमी होतात. एक, सेलवर छापलेले दीड अधिक दीड म्हणजे ३ व्होल्ट धरून गुणाकार करणे. धारा वाहताना सेलचा व्होल्टेज उतरतो, म्हणून चालू असतानाच मोजायचे. दुसरी जास्त महागडी. धारा मोजताना मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालावी लागते. ती तिथेच विसरून पुढचे व्होल्टेज मोजायला गेले की सेल थेट शॉर्ट होतो, तापतो आणि मोजणीही चुकते. पिन मिलिअँपिअरच्या भोकात राहिली असेल तर आतला फ्यूज उडतो. शाळांच्या कपाटात ‘बिघडलेले’ म्हणून पडलेल्या कित्येक मल्टिमीटरना फक्त फ्यूज हवा असतो.

ऊर्जेच्या आकड्यांसाठी आपल्याकडे पोफळीसारखे उदाहरण दाराशी आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीतून बोगद्याने पश्चिमेला येते, पोफळीच्या भूमिगत वीजघरात सुमारे ४७५ मीटर खाली पडते आणि पुढे वाशिष्ठीला मिळते. एक घनमीटर, म्हणजे १००० लिटर पाणी तेवढ्या उंचीवरून पडले तर १००० गुणिले ९.८ गुणिले ४७५, साधारण ४६.५ लाख ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे घराच्या छपरावरच्या १००० लिटरच्या टाकीइतक्या पाण्यातून गळती सोडता सुमारे १.३ युनिट. आता तीच टाकी शाळेच्या छपरावर ४ मीटर उंच असेल तर ३९,२०० ज्यूल, म्हणजे एका युनिटसाठी अशा ९२ टाक्या ओताव्या लागतील, आणि त्या वर चढवायला पंपाने याहून जास्त वीज खाल्लेली असेल. ‘टाकीच्या पाण्यावर घरची वीज’ ही प्रतिकृतीही दर वर्षी येते. तिला हा गुणाकार करायला लावा. वहाळावरच्या पाणचक्कीचे मात्र वेगळे: सेकंदाला १० लिटर पाणी २ मीटर पडत असेल तर कागदावर १९६ वॅट होतात, आणि पावसाळ्यात ते पाणी कोणी वर चढवलेले नसते. फक्त पाणचक्कीला खेळण्यातली मोटार थेट जोडू नये. ती मिनिटाला हजारो फेऱ्यांसाठी बनवलेली असते, चक्की देते शंभरेक, त्यामुळे व्होल्टचा दहावा हिस्साही येत नाही आणि मूल हिरमुसते. सीडीची १२ सेंटिमीटरची चकती, मोटारीच्या दांड्यावर ६ मिलिमीटरची कप्पी आणि रबरबँड लावला तर वीसपट वेग मिळतो. नाहीतर स्टेपर मोटार वापरा, ती कमी वेगातही पुरेसे व्होल्ट देते.

विद्युतचुंबकाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सहावी-सातवीत हा प्रयोग सर्वांत जास्त होतो आणि सर्वांत जास्त फसतो.

नेहमीची कृती अशी: खिळ्यावर जाड तारेचे शंभर वेढे, एक सेल, टाचण्या. यात सेल दोन-चार मिनिटांत तापून मरतो. ८ मिलिमीटर जाड बोल्टवर २६ गेजच्या (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) तारेचे १०० वेढे घातले तर तार लागते पावणेतीन मीटर आणि तिचा रोध ०.३ ओहमच्या आत. सेलचा स्वतःचा अर्धा ओहम धरला तरी जवळपास १.९ अँपिअर धारा वाहते. हा जवळजवळ शॉर्टच आहे. चुंबकाची ताकद ठरते वेढे आणि धारा यांच्या गुणाकारावर, जो इथे सुमारे १९०. आता त्याच बोल्टवर ३० गेजचे ३०० वेढे घाला. तार साडेआठ मीटर, रोध १.९ ओहम, धारा ०.६२ अँपिअर, गुणाकार पुन्हा जवळपास तेवढाच, १८७. टाचण्या तितक्याच उचलल्या जातात आणि सेलवरचा ताण एक-तृतीयांश होतो. वजनात ही तार जेमतेम ६ ग्रॅम भरते. शंभर ग्रॅमच्या रिळात सोळा गटांचे काम होते.

पंप-मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडे ही तार सुटी मिळते. जळलेल्या मोटारीतली फुकट देतो म्हणाला तर घेऊ नका. तिच्यावरचे इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, करपलेले असते, वेढ्याला वेढा चिकटून धारा आडवाटेने जाते आणि ३०० वेढे घालूनही पदरात दहाच पडतात. नव्या तारेचीही दोन्ही टोके दोन सेंटिमीटर काचपेपरने सगळीकडून घासावी, तांबे चमकेपर्यंत. ‘सर, चालत नाही’ या तक्रारीचे पहिले कारण हेच. दुसरे कारण वेढ्यांची दिशा. पहिला थर संपल्यावर परत मागे येत दुसरा थर घालायला हरकत नाही, पण गोल फिरण्याची दिशा तीच राहिली पाहिजे. बोल्ट उलटा धरून गुंडाळायला घेतले की दुसरा थर पहिल्याचे चुंबकत्व खोडतो.

बोल्ट घेताना किनाऱ्यावर खास सांभाळा. बंदराजवळच्या हार्डवेअर दुकानांत होड्यांसाठी स्टेनलेसचे बोल्ट असतात. ते गंजत नाहीत आणि बहुतेकदा चुंबकालाही चिकटत नाहीत. खिशात चुंबक घेऊन जा आणि दुकानातच लावून पाहा. सेल काढल्यावरही टाचण्या लटकून राहतात ही दुसरी अडचण. बोल्ट कडक पोलादाचा असला की चुंबकत्व धरून ठेवतो. मोठ्या माणसाने तो चुलीत लालबुंद करून राखेत पुरून रात्रभर निवू द्यावा, मग बराच मऊ पडतो. जस्ताचा मुलामा असलेला पांढरा चकचकीत बोल्ट मात्र चुलीत घालू नये, त्या धुराने त्रास होतो.

लोहकिसाचे काय करायचे? कोकणात त्याची बाटली एका पावसाळ्यात तपकिरी गठ्ठा होते आणि गंजलेला कीस चुंबकाकडे नीट धावत नाही. त्यावर खर्च करणे थांबवा. रत्नागिरीजवळच्या काळबादेवी, मिऱ्या, नेवरे, पूर्णगड या पट्ट्यात वाळूवर काळे थर दिसतात. सह्याद्रीचा काळा कातळ झिजून नद्यांनी आणलेले हे जड कण आहेत, मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट. वाटीभर वाळू शाळेला वर्षभर पुरते. त्याहून जास्त उचलू नये, वाळू उपसणे हा परवान्याचा विषय आहे. ती गोड्या पाण्याने तीनदा धुवा, मीठ राहिले तर पुन्हा ओल धरते. परातीत उन्हात कडकडीत वाळवा. साधे काळे फेराइट चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूवरून फिरवा, दुसऱ्या कागदावर नेऊन चुंबक पिशवीतून बाहेर ओढा, म्हणजे चिकटलेले कण खाली पडतात. पिशवी न घालता थेट लावलेत तर चुंबक पुन्हा कधी साफ होणार नाही. असे तीनदा केले की क्षेत्ररेषा काढायला कधीही न गंजणारी पूड तयार, कारण मॅग्नेटाइट मुळातच लोहाचे ऑक्साइड आहे. मलमलीच्या पुरचुंडीतून कागदावर भुरभुरा, कागदाला पेन्सिलीने हलक्या टिचक्या मारा.

मागे उरलेल्या काळ्या वाळूकडे मुलांचे लक्ष वेधा. काळी आहे, जड आहे, तिच्यात लोहही आहे, तरी साध्या चुंबकाला चिकटत नाही. ते बहुतांशी इल्मेनाइट, टायटॅनियमचे खनिज. ताकदवान निओडिमियम चुंबक लावले तर त्यातले काही कण उचलले जातात. जांभ्याची लाल भुकटी घेऊन हाच प्रश्न पुढे नेता येतो: एवढे लोह असून ती ढिम्म का? जांभ्यातल्या हेमॅटाइट आणि गोएथाइट या लोहखनिजांमध्ये शेजारशेजारच्या लोहअणूंचे चुंबकत्व एकमेकांना जवळपास खोडून टाकते. चुलीच्या तळाची भाजकी माती वाळवून, चाळून त्याच चुंबकाने तपासा. तिच्यात चिकटणारे कण बऱ्याचदा सापडतात, कारण उष्णता आणि धूर यांनी काही ऑक्साइडांचे रूप बदललेले असते. एका गावातल्या पाच-सहा चुलींची माती आणि परसातली कच्ची माती, प्रत्येकी १०० ग्रॅम, किती ग्रॅम चिकटले याचा तक्ता: जिल्हा पातळीचा प्रकल्प एवढ्यात होतो, खर्च जवळपास शून्य.

होकायंत्राबद्दल आयोजकांना एक विनंती. ही टेबले लोखंडी मेजांवर, खांबांना टेकून किंवा ध्वनिक्षेपकाच्या शेजारी लावू नका. स्पीकरमध्ये चांगले मोठे चुंबक असते. अलिबागची चुंबकीय वेधशाळा अलिबागला का आली, हे इथे लिहून लावण्याजोगे आहे: मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीचे चुंबकत्व मोजले जात होते, पण मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या धारेने नोंदी बिघडतील म्हणून १९०४ साली काम अलिबागला हलवले. पहिली दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, त्यामुळे मालिका तुटली नाही. ही काळजी घेणारे संचालक होते नानाभाय मूस. वेधशाळेला ट्राम नको होती, मुलांच्या होकायंत्राला निदान पत्र्याचे टेबल तरी नको.

पाण्यावर तरंगणारी सुई करायची तर स्टीलची थाळी टाळा, काही थाळ्या चुंबकाला ओढतात. नारळाची करवंटी उत्तम. ओरस्टेडच्या प्रयोगात, म्हणजे धारा वाहणाऱ्या तारेजवळ सुई वळते हे दाखवताना, तार सुईच्या वर, उत्तर-दक्षिण ठेवायची. पूर्व-पश्चिम ठेवली तर तिचे क्षेत्र सुईच्याच रेषेत येते आणि सुई बाजूला वळत नाही. कोकणात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे. सुईच्या १ सेंटिमीटर वरून १ अँपिअर धारा नेली तर २० मायक्रोटेस्ला, म्हणजे सुई साधारण २८ अंश वळली पाहिजे. अंतर २ सेंटिमीटर केले तर १५ अंश. कोनमापकावर मुलाला २५ दिसले आणि त्याने ‘तार थोडी उंच होती’ असे कारण दिले, तर ते उत्तर पूर्ण गुणांचे.

खरेदी समित्यांसाठी थोडे. लाल-निळ्या रंगाचे पट्टीचुंबक घेतलेत तर रक्षक पट्ट्या (चुंबकत्व टिकावे म्हणून टोकांना लावून ठेवायच्या लोखंडी पट्ट्या) वेगळ्या मागा, आणि मुलांच्या हातून पडलेले चुंबक तपासूनच परत ठेवा. खाऱ्या हवेत फेराइटच्या चकत्या जास्त टिकतात, पण आपटल्या तर तुटू शकतात. निओडिमियमचा निकेलचा मुलामा तडकला की आतला भाग फुगून भुकटी होतो, म्हणून तडकलेला तुकडा लगेच बाजूला काढा. हे चुंबक मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे. दोन तुकडे गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये चिमटून जीवावर बेतू शकते. तीस मुलांच्या वर्गाला सहा गट धरून फेराइट चकत्या बारा, ३० गेजची तार १०० ग्रॅम, मऊ लोखंडी बोल्ट सहा, मल्टिमीटर दोन, त्यांचे फ्यूज दहा, लाल एलईडी वीस, खेळण्यातल्या मोटारी बारा आणि १० ओहमचे रोध सहा एवढ्यात वरचे बहुतेक सगळे होते. तयार पेटीत जे नसते ते म्हणजे सुटे फ्यूज आणि जादा तार, आणि पेटी बंद पडते ती नेमकी त्यासाठीच.

परीक्षण-पत्रिकेत ५० गुण असतील तर २० मोजमाप व नोंदवहीला, १० ‘काय फसले आणि का’ याला, १० स्वतः केलेल्या जोडणीला, ६ तोंडी उत्तरांना आणि ४ मांडणीला असे वाटप आम्ही सुचवतो. नोंदवहीत खोडाखोड असेल तर गुण कापू नयेत. सगळी वाचने एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेली दिसली तर मात्र विचारावे. ही पत्रिका शाळांना दिवाळीच्या सुट्टीआधी मिळावी. प्रतिकृती सुट्टीतच बनतात, सुट्टीनंतर आलेले परिपत्रक मुख्याध्यापकांच्या फायलीत जाते.

आपले,
किनारपट्टीवरील काही विज्ञान शिक्षक व प्रयोगसाहित्य बनवणारे